सावडीतली पराणी

३ जुलै २०२२, रविवार. मुंबईच्या विधान भवनात अध्यक्षपदाची निवडणूक होती. शिरगणती झाली. भाजपचे राहुल नार्वेकर १६४, शिवसेनेचे राजन साळवी १०७. निकाल लागल्यावर पीठासनावर बसलेले उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी नोंद करून घेतली की शिवसेनेच्या ३९ आमदारांनी पक्षाचा व्हिप मोडून मतदान केलं आहे. मग झिरवाळ खाली उतरले, नार्वेकर वर बसले. नव्या अध्यक्षांपुढे शिवसेनेतून फुटलेल्या एकनाथ शिंदे गटाचं पत्र आलं आणि तेही नोंदीवर गेलं. शिवसेनेच्या १६ आमदारांनी व्हिप मोडला आहे, असं त्यात होतं.

त्या दिवशी विधानसभेत शिवसेनेचे आमदार होते ५५. एकोणचाळीस आणि सोळा, बेरीज करून पाहा.

एकाच मतदानात अख्ख्या पक्षाने पक्षाचा आदेश मोडल्याची अशी नोंद दुसऱ्या कुठल्या सभागृहात असेल असं मला वाटत नाही. एका बाजूचे प्रतोद सुनील प्रभू, दुसऱ्या बाजूचे भरत गोगावले. चाबूक एकच, मुठी दोन. बातम्यांमध्ये तेव्हा ‘खोके’, ‘काय झाडी, काय डोंगर’ हेच गाजत राहिलं. मला मात्र त्या चाबकाचं कुतूहल वाटत राहिलं. हा आला कुठून? आणि कागदावरच्या दोन ओळींना आमदारकी घेण्याएवढी धार कशी आली?

आधी शब्द. मराठीत व्हिपला आपण ‘पक्षादेश’ म्हणतो आणि तो काढणाऱ्याला ‘प्रतोद’. हा प्रतोद संस्कृतातला, ‘तुद्’ म्हणजे टोचणे या धातूवरून आलेला. सारथ्याच्या हातातलं टोचणं, चाबूक किंवा पराणी, असा त्याचा अर्थ. म्हणजे मूळ अर्थाने प्रतोद ही वस्तू. माणसाला ते नाव आपण दिलं. भीष्मपर्वात श्रीकृष्ण शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा विसरून भीष्मांवर धावून जातो, ती चाकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच पर्वात दुसऱ्यांदा तो रथातून उडी टाकतो तेव्हा त्याच्या हातात प्रतोदच असतो. ज्याने घोडे आवरायचे तोच सुटतो, आणि अर्जुनाला पाय धरून त्याला परत आणावं लागतं. मुख्य प्रतोदांच्या दालनात हे चित्र लावायला हरकत नाही.

इंग्रजी व्हिपचा जन्म मात्र घोड्यांपाशी किंवा बैलांपाशी झालेला नाही. तो कुत्र्यांपाशी झाला. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीला शिकारी कुत्र्यांचा ताफा सोडत. मुख्य शिकाऱ्याचा एक मदतनीस असे, ‘व्हिपर-इन’. एखादं कुत्रं सशाच्या वासावर भलतीकडे निघालं की चाबूक वाजवून त्याला ताफ्यात परत आणायचं, हे त्याचं काम. जमीनदारांच्या पार्लमेंटात हा शब्द शिरायला वेळ लागला नाही. १७४२ च्या एका पत्रात तो मतं गोळा करण्याच्या अर्थाने आढळतो. १७६९ मध्ये जॉन विल्क्सच्या निवडणुकीवरून वाद पेटला असताना, राजाच्या मंत्र्यांनी आपली माणसं कुठून कुठून हाकून आणली हे सांगताना एडमंड बर्कने तो सभागृहातच वापरला आणि शब्द रुळला. बर्कच्या बोलण्यात टोमणा होता. पुढे टोमण्याचं पद झालं, पदाला पगार आला, आणि मुख्य प्रतोद कागदोपत्री ‘ट्रेझरीचा संसदीय सचिव’ म्हणून डाउनिंग स्ट्रीटवर बसू लागला.

चाबकाचा कागदही तिथेच झाला. आठवड्याच्या कामाचं पत्रक सभासदांना जाई. साध्या कामाखाली एक रेघ, महत्त्वाच्या कामाखाली दोन, आणि जिथे आजारी असलात तरी यावंच लागेल तिथे तीन. आपल्याकडे वर्तमानपत्रं ‘तीन ओळींचा व्हिप’ लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं की मजकूर तीन ओळींचा असतो. मजकूर कितीही असो, रेघा तीन.

तीन रेघा ओलांडल्या तर तिथे काय होतं? पक्ष व्हिप ‘काढून घेतो’, म्हणजे ते पत्रक पाठवणं बंद करतो. सभासद सभासदच राहतो. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटवरून एका फटक्यात आपल्या २१ खासदारांचा व्हिप काढून घेतला. त्यांत चर्चिलचे नातू निकोलस सोम्स होते, अर्थखातं सांभाळलेले केन क्लार्क होते. दुसऱ्या दिवशी ते सभागृहात येऊन बसले आणि मतदानही केलं. धाक होता तो पुढच्या तिकिटाचा. एक गंमत सांगून पुढे जातो. राजा पार्लमेंटचं उद्घाटन करायला निघतो तेव्हा तो सुखरूप परत येईपर्यंत सरकारपक्षाच्या एका प्रतोदाला राजवाड्यात ओलीस ठेवून घेण्याची प्रथा अजून पाळली जाते. चहापाणी चांगलं होतं म्हणतात.

मग आदेश मोडणाऱ्याची जागाच गेली पाहिजे, ही कल्पना कुठली? ती इंग्रजांची नाही, आयरिशांची. १८८४ मध्ये चार्ल्स स्टुअर्ट पार्नेलच्या आयरिश पक्षाने उमेदवारांकडून शपथपत्र घ्यायला सुरुवात केली. मी पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर वागेन, पक्षाबरोबर मत देईन. आणि ही शपथ मी पाळली नाही असं पक्षाच्या बहुमताला वाटलं तर जागेचा राजीनामा देईन. कायद्याचं बळ त्यामागे नव्हतं, होती ती लाज आणि मतदारसंघातले लोक. पण आपल्या राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाचा आजा शोधायचा तर तो या कागदात सापडतो.

सहाच वर्षांत हा कागद उलटला. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी पार्नेलने ग्लॅडस्टनच्या लिबरलांशी हातमिळवणी केली होती. १८९० मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात पार्नेलचं नाव आलं. हा नेता राहिला तर आमची युती टिकणं कठीण, असं ग्लॅडस्टनने सुचवलं. डिसेंबरात पार्लमेंटच्या समिती कक्ष क्रमांक १५ मध्ये आयरिश खासदार दिवसच्या दिवस भांडत राहिले. शेवटी ४५ जण जस्टिन मॅकार्थीच्या मागे उठून गेले. पार्नेलपाशी तीसही उरले नाहीत. बहुमताशी एकनिष्ठ राहण्याची शपथ ज्याने घालून दिली, त्याच्याच विरोधात बहुमत गेलं. मग पक्ष कोणाचा, नेत्याचा की बाहेर पडलेल्यांचा? मित्रपक्षाच्या दडपणाखाली फुटलेला पक्ष आणि ‘खरे आम्हीच’ हा दोघांचा दावा, ही गोष्ट वाचताना कक्ष क्रमांक १५ च्या जागी शिंदे गटाच्या मुक्कामाचं गुवाहाटीचं हॉटेल डोळ्यांसमोर येतं, त्याला माझा इलाज नाही.

याच सुमारास मुंबईचा एक माणूस त्या चाबकाखाली जाऊन बसला. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षाचे खासदार झाले, अवघ्या ५ मतांनी. ग्लॅडस्टनचं ते सरकार आयरिश सभासदांच्या पाठिंब्यावर उभं होतं. स्वतःचं बहुमत नसलेल्या सरकारात मागच्या बाकावरच्याला किती किंमत असते, हे दादाभाईंनी वर्षाच्या आत पाहिलं. २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल या लिबरल सभासदाने ठराव आणला की आयसीएसची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी. सरकारचा विरोध होता. दादाभाईंनी ठरावाला पाठबळ दिलं आणि तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी पास झाला. हिंदुस्थानच्या बाजूने सरकारपक्षाच्या व्हिपचा झालेला हा पराभव आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात यायला हवा होता. पण पुढचं कळल्यावर तो का आला नाही तेही कळतं. सरकारने ठराव प्रांतांच्या अभिप्रायाला पाठवला, बहुतेक अभिप्राय प्रतिकूल आले, आणि ठराव फायलीत गेला. मतदानात हरलेलं सरकार अंमलबजावणीत जिंकलं.

आपल्या मातीतलं पहिलं मोठं शिस्तभंगाचं प्रकरण मराठी मुलखातलंच आहे. स्वराज्य पक्ष १९२३ मध्ये कायदेमंडळांत शिरला तो आतून अडवणूक करायला. सरकारी पद घ्यायचं नाही, हा पक्षाचा दंडक. ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्य प्रांत कायदेमंडळाचे अध्यक्ष आणि स्वराज्य पक्षाचे सभासद श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. मोतीलाल नेहरू भडकले. महाराष्ट्राचा रोगट अवयव कापूनच काढला पाहिजे, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार इकडच्या लोकांच्या फार जिव्हारी लागले. न. चिं. केळकर, मु. रा. जयकर, डॉ. मुंजे हे तांब्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की टिळकांनी सांगितलेली प्रतियोगी सहकारिता आम्ही पाळतो आहोत, बंडखोर तुम्ही. त्यातून वेगळा पक्षच निघाला. यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पदावर जाऊन बसणारा गृहस्थ सभागृहाचा अध्यक्ष होता. आणि बंडखोरांनी आपण बंड केलं असं कधी म्हटलं नाही. मूळ पुरुषाचा खरा वारसा आमच्याकडे आहे, असं म्हटलं. शंभर वर्षांत या दोन्ही गोष्टी जुन्या झालेल्या नाहीत.

इथे सावडीचा विषय काढतो. ट्रॅक्टर येण्याआधी ज्याच्या गोठ्यात एकच बैल असे तो दुसऱ्या तसल्याच शेतकऱ्याशी सावड करी. तुझा एक, माझा एक, जोडी झाली. आज तुझं रान, उद्या माझं. पराणी ज्याच्या हातात तो आपल्या बैलाला हवं तसं टोचू शके. दुसऱ्याच्या बैलाला टोचताना मात्र हात आखडायचा, कारण संध्याकाळी तो बैल दुसऱ्याच्या दावणीला जाणार आणि त्याच्या पाठीवरचा वळ मालक बघणार. आघाडीचं सरकार म्हणजे सावड आहे. पक्षाला व्हिप असतो, आघाडीला नसतो. मुख्यमंत्री सगळ्यांचा असला तरी त्याची पराणी त्याच्याच बैलापुरती चालते. काँग्रेसची जुनी निशाणी बैलजोडी होती, पण ती एका मालकाची जोडी. सावड आपल्या राजकारणाला त्यानंतर शिकावी लागली.

इंग्रजांनाही ती फारशी जमली नाही. १९ ऑक्टोबर १९२२ ला कार्लटन क्लबात जमलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी आपल्या नेत्याचं न ऐकता लॉइड जॉर्जबरोबरची आघाडी मोडायचं ठरवलं, आणि त्याच दिवशी लॉइड जॉर्जने राजीनामा दिला. मागच्या बाकावरच्यांनी सरकार पाडल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. १९३२ मध्ये राष्ट्रीय सरकारातल्या मुक्त व्यापारवाल्या मंत्र्यांना आयातकराच्या प्रश्नावर सरकारच्या विरोधात बोलायची आणि मत द्यायची चक्क मुभा दिली गेली. नाव दिलं ‘मतभेदाचा करार’. जानेवारीत केलेला हा करार सप्टेंबरपर्यंत चालला, मग ते मंत्री बाहेर पडले.

या सगळ्याची साग्रसंगीत उजळणी २०१० ते २०१५ या काळात झाली. डेव्हिड कॅमेरॉन यांचे ३०६ आणि निक क्लेग यांचे ५७ खासदार एकत्र आले. प्रतोदांची दोन कार्यालयं जुळवून घेतली गेली. लिबरल डेमोक्रॅटांचा मुख्य प्रतोद हा सरकारचा उपमुख्य प्रतोद. कार्यक्रमाच्या मसुद्यातच लिहिलं होतं की विद्यापीठ शुल्काचा निर्णय लिबरलांना मानवला नाही तर ते तटस्थ राहू शकतील. कागदावर सगळं नीट होतं. अडचण अशी की लिबरलांच्या उमेदवारांनी निवडणुकीआधी विद्यार्थी संघटनेच्या शपथपत्रावर सह्या केल्या होत्या, शुल्क वाढू देणार नाही म्हणून. ९ डिसेंबर २०१० रोजी शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर नेणारा ठराव आला. बाहेर रस्त्यावर पोरं पेटलेली, आत मतदान. ठराव २१ मतांच्या फरकाने तरला, आणि योगायोग असा की लिबरलांचे विरोधात गेलेले खासदारही २१ च होते. आणखी काही गैरहजर राहिले. सरकारच्या बाजूने पक्षाचे निम्मेसुद्धा पडले नाहीत. पक्षनेता सरकारात उपपंतप्रधान, आणि पक्ष तीन वाटांनी गेलेला.

मग दुसऱ्या बैलाची पाळी. जुलै २०१२ मध्ये क्लेग यांच्या जिव्हाळ्याचं लॉर्ड्स सभागृह सुधारणा विधेयक आलं, तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे ९१ खासदार विरोधात गेले. विधेयक त्या वाचनात पास झालं, पण वारं पाहून सरकारने पुढे ते सोडून दिलं. लिबरलांनी हिशेब चुकता केला जानेवारी २०१३ मध्ये. कॉन्झर्व्हेटिव्हांना हवी असलेली मतदारसंघांची फेररचना त्यांनी विरोधी पक्षाबरोबर मतदान करून २०१८ पर्यंत लांबणीवर टाकली. एकाच मंत्रिमंडळातले मंत्री समोरासमोरच्या दारांतून मत द्यायला गेले, आणि राजीनामा कोणीच दिला नाही. बंडखोरीची गणती ठेवणारे अभ्यासक फिलिप काउली यांनी हिशेब मांडला तेव्हा त्या पाच वर्षांत दर शंभरातल्या ३५ मतदानांत सरकारपक्षाचं कोणी ना कोणी फुटलेलं निघालं. महायुद्धानंतरच्या कुठल्याही पार्लमेंटात एवढी बंडखोरी नोंदलेली नव्हती. तरी सरकार पाच वर्षं पुरं चाललं. बंडखोराची जागा जात नसल्यामुळे तो एकेका मुद्द्यावर फुटू शकत होता आणि दुसऱ्या दिवशी परत येऊ शकत होता. शिक्षा झाली ती मतदारांकडून. २०१५ मध्ये लिबरल ५७ वरून ८ वर आले.

आपण वेगळ्या रस्त्याने गेलो, आणि तो रस्ता १९६७ पासून आहे. त्या वर्षी अर्ध्याअधिक उत्तर भारतात संयुक्त विधायक दलांची कडबोळी सरकारं आली. हरियाणात सुरुवातच अध्यक्षाच्या निवडणुकीने झाली. काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध काँग्रेसचेच राव बीरेंद्र सिंह निवडून आले आणि सरकार कोसळलं. त्याच विधानसभेतल्या गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. चंदीगडला त्यांना पत्रकारांपुढे उभं करून ‘गयाराम आता आयाराम झाले’ असं राव बीरेंद्र सिंह म्हणाले, आणि देशाला शब्द मिळाला.

या रोगावर औषध शोधायला लोकसभेने समिती मागितली आणि तिचे अध्यक्ष झाले गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. १९६९ मध्ये आलेल्या त्या समितीच्या अहवालातला एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. राज्यांतल्या ज्या २१० फुटीर आमदारांचा हिशेब तिने पाहिला, त्यांतले ११६ मंत्री झाले होते. म्हणजे फुटणाऱ्यांतला निम्म्याहून जास्त माल सरळ मंत्रिमंडळाच्या गोदामात उतरत होता. समितीने म्हणूनच दुखऱ्या जागी बोट ठेवलं. फुटणाऱ्याला वर्षभर किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नका, आणि मंत्रिमंडळाचा आकारच बांधून टाका. आमिष काढून घ्या, मासा आपोआप थांबेल. शहाणा, शेतकऱ्याच्या अकलेचा उपाय होता. मंत्रिमंडळावरची १५ टक्क्यांची मर्यादा प्रत्यक्षात यायला २००३ उजाडलं.

मधल्या काळात यशवंतरावांच्या घरीच नाटक झालं. मार्च १९७८ मध्ये महाराष्ट्रात रेड्डी आणि इंदिरा अशा दोन काँग्रेसांचं आघाडी सरकार आलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. एकाच भाऊबंदकीतल्या दोन घरांची ती सावड पहिल्या दिवसापासून कुरकुरत होती, आणि तिरपुडे ती कुरकुर जाहीरपणे करत. जुलैत विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना यशवंतरावांचे मानसपुत्र म्हणून ओळखले जाणारे शरद पवार चाळीसच्या आसपास आमदार घेऊन बाहेर पडले, जनता पक्षाशी हात मिळवला, आणि १८ जुलैला ३८ व्या वर्षी पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, मुख्यमंत्री झाले. पाठीत खंजीर हा वाक्प्रचार तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणाला चिकटला तो आजतागायत. कोणाची आमदारकी गेली नाही. घालवणारा कायदाच नव्हता. पुढे पंचेचाळीस वर्षांनी पवारांच्याच पक्षात तसंच घडलं तेव्हा तो शब्द हातोहात परत आला.

कायदा आला १९८५ मध्ये. चारशेहून जास्त खासदार पाठीशी असलेल्या राजीव गांधींनी बावन्नावी घटनादुरुस्ती लोकसभेत आणि राज्यसभेत लागोपाठ दोन दिवसांत पास करून घेतली आणि दहावं परिशिष्ट जन्माला आलं. पार्नेलची शपथ घटनेत गेली. फरक एवढाच की पार्नेलचा माणूस लाजेने राजीनामा देणार होता, आपल्याकडे अध्यक्ष त्याला काढणार. पक्षाच्या ‘निर्देशा’विरुद्ध मत दिलं किंवा तटस्थ राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर जागा गेली. ‘व्हिप’ हा शब्द परिशिष्टात कुठेही नाही. निर्देश काढायचा तो राजकीय पक्षाने किंवा पक्षाने नेमलेल्या माणसाने, असं लिहिलं आहे. ही शब्दरचना वाचकांनी ध्यानात ठेवावी.

या कायद्याने एकट्याला मारलं आणि टोळीला वाट दिली. एक तृतीयांश फुटले तर ती फूट, दोन तृतीयांश गेले तर ते विलीनीकरण, दोन्हींना माफी. किरकोळ विक्री बंद, घाऊक चालू, अशी थट्टा झाली आणि ती खरी ठरली. डिसेंबर १९९१ च्या नागपूर अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा सेनेचे आमदार ५२ होते आणि भुजबळांच्या यादीत सह्या १८. तिसरा हिस्सा होतो सतरा पूर्णांक काहीतरी. म्हणून अठरा. विचार पटलेल्यांची संख्या भागाकाराला अशी बरोबर उतरते, हे मला नेहमी नवल वाटत आलं आहे. २००३ मध्ये तिसऱ्या हिश्श्याची सवलत गेली, दोन तृतीयांशाची राहिली, आणि टोळ्या तेवढ्या मोठ्या झाल्या.

गोव्याने तर या कायद्याची प्रयोगशाळाच चालवली. १९९० मध्ये विधानसभेचे अध्यक्ष लुईस प्रोतो बार्बोझा स्वतःच काँग्रेस सोडून, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या साथीने आघाडी करून मुख्यमंत्री झाले; त्याच वर्षी पुढच्या अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं. फुटीचा न्यायाधीशच फुटला, एवढी कल्पना कायदा लिहिणाऱ्यांनी केली नसावी. तांब्यांची गोष्ट त्यांच्या वाचनात नसेल. जुलै २०१९ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या १५ आमदारांतले बरोबर १० भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीआधी म्हणून काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. देवांनी तरी कोणाकोणाचा व्हिप सांभाळायचा?

एकट्याचं बंड अजिबात संपलं असं नाही. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं आघाडी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. त्या दिवशी नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश झुगारून सरकारविरुद्ध मत दिलं होतं. पक्षाने त्यांना काढलं. लोकसभाच बरखास्त झाल्यामुळे जागेचा प्रश्न उरला नाही. आणि जिथे व्हिप चालतच नाही तिथे सावडीतला बैल कसा वागतो तेही आपण पाहिलं आहे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपबरोबरच्या युतीत राहूनच, मराठी बाई म्हणून, काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील यांना मतं दिली. युती मोडली नाही. जून २०२२ मध्ये विधान परिषदेचं मतदानही गुप्त होतं. २० जूनला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीची मतं फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले. गुप्त पेटीने जे सांगितलं ते उघड मतदानात सांगायला आता फक्त संख्या हवी होती.

सावडीत नांदायचं नाही, एवढंच शिंद्यांबरोबर गेलेल्या आमदारांचं म्हणणं. राष्ट्रवादीच्या अर्थखात्यातून आम्हाला निधी मिळत नाही, ही तक्रार तर आघाडीतल्या मागच्या बाकांची जगभरची तक्रार आहे. लंडनमध्ये असते तर एखाद्या अर्थसंकल्पी मागणीवर दहा-वीस जण विरोधात गेले असते, प्रतोदाने चहाला बोलावून समजूत काढली असती, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फुटले असते. आपल्या कायद्यात ती सोय नाही. एका मतदानात फुटणं आणि पक्ष मोडणं यांची शिक्षा सारखीच, म्हणून फुटायचं तर अख्खा पक्षच घेऊन फुटावं लागतं, आणि मग पहिल्यांदा हस्तगत करावा लागतो तो चाबूक. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं होतं की हा ‘निर्देश’ विश्वासमत आणि पक्षाच्या मुख्य धोरणापुरता मर्यादित समजावा. ती सूचना मनावर घेतली असती तर निधीच्या तक्रारी तक्रारी म्हणूनच मतदानात उमटल्या असत्या, असं माझं मत आहे. कुठल्याही पक्षाने ती घेतली नाही. पराणी आखूड करायला कोण तयार होणार?

२१ जूनला सुनील प्रभूंच्या जागी भरत गोगावले यांना प्रतोद करण्याचा ठराव शिंदे गटाने केला. २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी विश्वासमताला सामोरं न जाता राजीनामा दिला. ३ जुलैचं मतदान सुरुवातीला सांगितलंच आहे. त्याच रात्री नव्या अध्यक्षांनी गोगावलेंना मान्यता दिली आणि ४ तारखेला शिंद्यांनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास जिंकला. एका रात्रीत ३९ चे ४० झाले होते.

११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. परिशिष्टातली ती शब्दरचना आता कामी आली. प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. तो विधिमंडळ पक्षाचा मानला तर आमदार आणि पक्ष यांची नाळच तुटेल. गोगावलेंना अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. पण ठाकरे यांनी आपणहून राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, आणि अपात्रतेचं अध्यक्षांनीच ठरवावं. अध्यक्ष म्हणजे राहुल नार्वेकर, ज्यांच्या निवडणुकीत व्हिप मोडल्याचा वाद होता तेच.

१० जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी नार्वेकरांनी निकाल वाचला. २१ जून २०२२ पासून शिंदे गट हीच खरी शिवसेना. त्यामुळे प्रभू यांचा अधिकार त्या दिवशीच संपला आणि गोगावले यांची नेमणूक वैध. ३ जुलैला पंचावन्नच्या पंचावन्न आमदारांवर व्हिप मोडल्याची नोंद झाली होती. या निकालाने त्यांतल्या एकाचीही आमदारकी गेली नाही.